खाल्ल्या घरचे वासे मोजता यायचे तेव्हा

आजच्या भागात गड नाहीत, लढाया नाहीत, बखरीही नाहीत. आज आमच्या स्वयंपाकघराची भिंत आहे. हसू नका, तिच्यात इतिहास आहे आणि तो जवळजवळ तीनशे वर्षं मागे जातो. लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना घसरलेली दोन-तीन वाक्यं सावरली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.

तर झालं असं. डोंबिवलीतला आमचा फ्लॅट. १९८३ सालची इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बाबा रिटायर झाले आणि आईने जाहीर केलं, की आता ओटा बदलायचा, हॉल आणि किचनमधली भिंत काढायची आणि माळ्यावरची तीस वर्षांची अडगळ घराबाहेर घालवायची. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं. पहिलीच ओळ: ‘तोडफोड व उचल – लमसम’. पुढे एक आकडा. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. ‘लमसम’ दिसलं की मला हायसं वाटतं, तपशील वाचायला नको. मी अंगठा पाठवला.

त्या एका ओळीत दोन वेगळी कामं लपली होती, हे मला पुढच्या चार दिवसांत कळलं.

माझ्यापुरती मी आता एक कसोटी ठेवली आहे. जे दारातून आत आलं आणि दारातून बाहेर जाऊ शकतं, ती वस्तू. तिचा कंटाळा आला की ती अडगळ. सोफा, बंद पडलेला मिक्सर, मोडका पाळणा, दिवाळी अंकांचे गठ्ठे. आणि दाराची चौकट बसण्याच्या आधीपासून जे तिथे होतं, ते घर. अडगळ काढली की घर मोकळं होतं. घराचा तुकडा काढला, तर त्याच्यावरचं वजन उरलेल्या घराला नव्याने वाटून घ्यावं लागतं, आणि ते घेणं त्याला झेपेलच असं नाही. ओटा, फरशी, बाथरूमच्या टाइल्स ही मधली मंडळी. काढायला छिन्नी-हातोडा लागतो, पण घर त्यांच्यावर उभं नसतं. माळा मात्र फसवा. जुन्या इमारतींत काँक्रीटचा माळा बऱ्याचदा दारावरच्या लिंटेलसोबतच ओतलेला असतो. माळा सरसकट ठोकला की हादरा लिंटेलला.

ही कसोटी मी शोधली असं मला वाटत होतं. पण काम सुरू व्हायच्या आदल्या रात्री आजी खाटेवरून म्हणाली, “आमचा वाडा कुणी पाडला नाही रे. उतरवला.”

हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. उतरवला! डोक्यावरची घागर उतरवतात तसा.

आजीचं सासर पुण्याचं, शनिवार पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्यालाही भगदाड पडलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजीचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पाणी ओसरलं तेव्हा खालच्या मजल्याच्या मातीच्या भिंती विरघळून बसल्या होत्या, पण माडी जागेवर होती. लाकडी खांबांवर, थोडी कललेली. राहण्यालायक नव्हती, पण पडलीही नव्हती. त्या सांगाड्याचं जे केलं गेलं, त्याला आजी उतरवणं म्हणते. पुण्यात धोकादायक वाड्यांच्या बातम्यांत आजही हाच शब्द दिसतो.

हे काम कसं चालायचं ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. पेशवाईतला आणि त्यानंतरचाही साधारण वाडा म्हणजे दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीची जमीन. वर आढं, वासे, रिपा, कौलं. मधल्या भिंती विटांच्या किंवा मातीच्या. उभारताना जो क्रम, त्याच्या बरोबर उलटा उतरवताना. आधी कौलं हातोहात खाली यायची, मग रिपा, मग वासे. लाकडाचे जोड खाचेत बसवलेले, पाचर ठोकून घट्ट केलेले. पाचर सैल केली की जोड सुटायचा. म्हणजे तुळई तुळईच राहायची, तिचं सरपण होत नसे. विटा मातीत किंवा चुन्यात बसवलेल्या. चुना विटेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे ठोकलं की आधी चुना सुटतो आणि वीट शाबूत हाती लागते. चुन्याची पूड झटकायची की वीट पुन्हा विकायला तयार.

याचा अर्थ काय? वाडा उतरवला की खाली पडायचा तो माल असायचा. कचरा फार थोडा. लाकूडवाला घनफुटावर सागवान घ्यायचा, कुणी विटा घ्यायचं, कुणी घडीव दगड, कुणी दाराच्या कड्या-कोयंडे. माती तिथेच जोत्याच्या भरावात. तोडणं आणि उचलणं अशा दोन धंद्यांची गरजच नव्हती, आणि पैसे मालकाला मिळायचे. आजही पुण्यातल्या भवानी पेठेच्या टिंबर मार्केटच्या आसपास जुन्या सागवानाला गिऱ्हाईक असतं, आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पितळी कड्या दिसतात, त्या याच रस्त्याने आलेल्या.

घरातल्या अडगळीचंही तसंच. जुने कपडे बोहारणीला, बदल्यात भांडं. कागद रद्दीवाल्याला, लोखंड-पितळ भंगारवाल्याला, मोडकं लाकूड बंबात. फेकणे हे क्रियापद आमच्या आजीच्या तोंडून मी क्वचितच ऐकलंय.

लगेच डोळे ओले करून घेऊ नका. वाडा काही स्वर्ग नव्हता. लाकडी इमारतीला आगीचं भय कायमचं. शनिवारवाडाच बघा. १७३० च्या जानेवारीत पायाभरणी झाली, २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली. लाकडी मजले गेले. आज आपण तिथे सेल्फी काढतो ती तटबंदी, दरवाजे आणि उघडी पडलेली जोती. आगीने केलेली तोडफोड म्हणा हवं तर. ज्याला किंमत होती तेच नेमकं जळलं. आणि वाळवी तर घरोघरी. शिवाय दगड फोडणं, खाणी, मातीकाम हे पिढ्यानपिढ्या वडार समाजाच्या माथी मारलेलं काम. त्या कष्टांचं मोल किती मिळालं, हा वेगळ्या भागाचा विषय आहे.

पण एक गोष्ट त्या घरात नक्की होती. काय कशावर उभं आहे ते डोळ्यांना दिसायचं. आपल्या म्हणी आठवा. ‘मोठं घर पोकळ वासा.’ ‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.’ आणि ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’. ही तिसरी मला लहानपणी कधीच कळली नव्हती. जेवायला बसलेल्या माणसाने मान वर केली तर वासे दिसायचे, मोजता यायचे, म्हणून तर ती म्हण जन्मली. वाशावर मराठीत तीन म्हणी तर मला सहज आठवल्या. कॉलमवर एकही नाही. कॉलम मोजणार कसा? तो दिसतच नाही.

इथे काँक्रीट येतं.

लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालं. १८९२ साली फ्रान्स्वा एनबीक या फ्रेंच माणसाने खांब, तुळई आणि स्लॅब सळयांनी एकमेकांत बांधून एकसंध ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं. मुंबईत विसाच्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, आरसीसीच्या. गिरणगावातल्या माणसाने काँक्रीटच्या घरात राहायला सुरुवात केली ती मरीन ड्राइव्हच्या ऐटबाज इमारतींच्या आधी, हे मला फार आवडतं. पुढे सिमेंटवर सरकारी नियंत्रण आलं. ते १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्ण उठलं. आमची इमारत नेमकी मधली. बाबा सांगतात, तेव्हा सिमेंटची गोणी मिळवणं म्हणजे आताचं तात्काळ तिकीट.

सिमेंटने घर स्वस्त केलं, उंच केलं, आगीपासून बरंच वाचवलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण ते विटेला असं धरतं की वेगळी करायला गेलं तर वीटच फुटते. तुळई खांबातून सुटी होत नाही, कारण दोघांच्या सळया एकमेकांत गुंतलेल्या. असं घर उतरवता येत नाही, फोडावंच लागतं. आणि फोडल्यावर जे पडतं त्याला पुण्यात राडारोडा म्हणतात, मुंबईत डेब्रिज. त्याला कोणी विचारत नाही. सळया, खिडकीचे ग्रिल, तांब्याच्या वायरी, नळ एवढं भंगारवाला नेतो. उरलेलं उचलायला आता तुम्हाला पैसे मोजावे लागतात. म्हणून कोटेशनमध्ये ‘उचल’ हा शब्द आला. वाडा उतरवणाऱ्याच्या हिशेबात तो खर्चाच्या बाजूला नव्हता.

आता मंगळवार.

सकाळी दहा वाजता तीन बिगारी आणि एक मुकादम आले. मुकादम साठीचे, लातूरकडचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मी बेडरूममध्ये ऑफिसच्या कॉलवर, म्यूटवर. आधी माळा रिकामा झाला, मग ओट्याचा कडप्पा निघाला, मग भिंतीला ब्रेकर लागला. भिंतीबद्दल कॉन्ट्रॅक्टरने आधीच सांगितलं होतं, “पडदी आहे, अर्ध्या दिवसात जाईल.” पडदी म्हणजे नुसती आडोशाची भिंत, जिच्यावर काही टेकलेलं नाही अशी.

साडेअकराच्या सुमारास आवाज थांबला. बाहेर आलो तर मामा भिंतीसमोर उकिडवे बसले होते आणि जमिनीवरची धूळ बोटाने बाजूला करत होते. मला म्हणाले, “साहेब, हे बघा. इथपर्यंत लाल धूळ. इथून पुढं राखाडी.”

लाल धूळ विटेची. राखाडी काँक्रीटची. आमची भिंत नऊ इंची आणि तिच्यात नऊ इंच रुंदीचाच कॉलम. प्लॅस्टर केलं की दोन्ही एकजीव, वरून रंग, बाहेरून काहीही कळायला मार्ग नाही. चार इंची पडदीत कॉलम असता तर पुढे आलेला दिसला असता. मामांनी अजून थोडं खरवडलं. गंजलेली सळई दिसली आणि तिला वेढलेली रिंग. (धुळीची ही युक्ती जुन्या इमारतींपुरतीच हं. आता ब्लॉकच्या भिंतीही राखाडीच असतात.)

मामांनी कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. स्पीकरवर होता, त्यामुळे मी ऐकलं. “थोडं कापा, काही होत नाही. वरचा बीम धरून ठेवतो.”

मला अजून आठवतं, की त्या क्षणी मला काय बरोबर काय चूक काहीच कळत नव्हतं. मी बीटेक आहे, पण कॉम्प्युटरचा. आईला ओपन किचन हवं होतं. कॉन्ट्रॅक्टर वीस वर्षं धंद्यात. आणि मामा, जे रोजंदारीवर आले होते आणि ज्यांचा दिवस बुडणार होता, ते ब्रेकरचा प्लग काढून बसले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर छताकडे. वर तिसऱ्या मजल्यावर दोन कुटुंबं. आमच्या बरोब्बर डोक्यावर जोशीकाकूंचा पाळणा, तीन महिन्यांची नात. बाबा म्हणाले, “आज राहू द्या मामा. तुमची हजेरी मी देतो.”

संध्याकाळी मी हॉस्टेलच्या सिव्हिलवाल्या रूममेटला फोन केला. त्याने जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो. बीम दोन कॉलमच्या मध्ये खाली झुकायला बघतो, म्हणून तिथे ताण खालच्या बाजूला येतो आणि मुख्य सळया खाली असतात. पण कॉलमच्या डोक्यावर उलटं. तिथे ताण वरच्या बाजूला, म्हणून जास्त सळया वर. मधला कॉलम कापला की काय होतं? दोन गाळ्यांचा एक गाळा होतो. अंतर दुप्पट झालं की बीमला वाकवणारा जोर साधारण चौपट होतो. आणि तो जोर सर्वांत जास्त येतो नेमका कापलेल्या कॉलमच्या जागी, आता खालच्या बाजूला, जिथे सळया कमी. म्हणजे ‘वरचा बीम धरून ठेवतो’ हे वाक्य ज्या बीमबद्दल होतं, तो त्यासाठी बनलेलाच नव्हता.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे मुंबईत डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबं तिथे राहायची. ६१ माणसं गेली. इमारत जेमतेम तिशी ओलांडलेली. तळमजल्यावर डेकोरेटरचं गोदाम होतं आणि तिथे केलेल्या फेरबदलांवर चौकशीत बोट ठेवलं गेलं. पुढे २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये चार मजली इमारत पडली, १७ मृत्यू. तिथेही तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं, आणि खालचे खांब तोडल्याचा आरोप रहिवाशांनी केला. दोन्ही ठिकाणी ज्यांच्यावर छत कोसळलं त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःच्या घरात एक खिळाही ठोकला नव्हता. फ्लॅटचा हाच पेच आहे. वाड्याचा खांब मालकाचा असायचा. आमच्या किचनमधला कॉलम चार मजल्यांचा आहे, फक्त उभा आमच्या जागेत आहे.

बुधवारी स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. सोसायटीच्या खजिनदारकाकांच्या कपाटातून जुना निळा नकाशा निघाला, कडा झिजलेला. त्यात तो कॉलम स्पष्ट दाखवलेला होता, नऊ बाय पंधरा इंच. चाळीस वर्षं कागदावर होता, आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हता. इंजिनिअरनी निकाल दिला: कॉलमला हात लावायचा नाही, उघडी पडलेली सळई साफ करून नीट दुरुस्त करायची, कॉलमच्या एका बाजूचा विटांचा भाग तेवढा काढता येईल, तोही सोसायटीच्या पत्रानंतर.

मग त्यांची नजर हॉलमध्ये गेली आणि ते खरंच चिडले. तोवर फुटलेल्या विटा, कडप्पा, टाइल्स, प्लॅस्टर असा सगळा ढीग बिगाऱ्यांनी हॉलच्या मधोमध रचला होता. टेम्पो शुक्रवारी येणार होता ना, लमसममध्ये एकच फेरी. साहेबांनी मला तिथेच गणित घातलं. दहा फूट लांब, नऊ फूट उंच, नऊ इंची विटांची भिंत: वजन साडेतीन टनांच्या आसपास. ती भिंत उभी असताना तिचं वजन बीमवर जातं. फोडून खोलीत पसरली की स्लॅबवर. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून काढतात. शंभर चौरस फुटांच्या खोलीत साडेतीन टन म्हणजे चौरस मीटरला पावणेचारशे किलो. आमचा ढीग अजून तेवढा नव्हता, पण निघालो होतो त्याच दिशेने. “फोडणं आणि उचलणं बरोबरीने चाललं पाहिजे,” ते म्हणाले. “फर्निचर महिनाभर पडू द्या, काही बिघडत नाही. हे रात्रभर ठेवायचं नाही.”

गंमत बघा, मार्च २०१६ मध्ये मी बीटेकच्या पहिल्या वर्षाला होतो, आणि त्या महिन्याच्या २२ तारखेला जगभरच्या प्रोग्रामरांची तंतरली होती. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा कोड त्याच्या लेखकाने इंटरनेटवरून काढून घेतला आणि हजारो प्रोजेक्ट बंद पडले. अडगळ समजून ज्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं, तो कॉलम निघाला. बरोबर एका आठवड्याने, २९ मार्च २०१६ ला, आपल्याकडे बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे स्वतंत्र नियम आले. तेव्हा मला पहिली बातमी माहीत होती, दुसरी अजिबात नव्हती. त्या नियमांत नुसतं पाडकाम नाही, घराची दुरुस्ती आणि फेरबदलही धरले होते. म्हणजे तुमचं-आमचं बाथरूमसुद्धा. हा राडारोडा घरच्या कचऱ्यात मिसळायचा नाही, रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायचा नाही, ठरलेल्या केंद्रावर द्यायचा. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त निर्माण करणाऱ्यांवर वर्गवारीची आणि आराखड्याची जादा जबाबदारी होती. बारीक करून चाळलेला हाच राडारोडा ठरावीक प्रमाणात नव्या काँक्रीटमध्ये वापरायला भारतीय मानकानेही मुभा दिली. वाड्याच्या विटेसारखी किंमत पुन्हा मिळण्याची ती एक अरुंद वाट आहे. पण त्यासाठी तो मुळात स्वच्छ हवा. त्यात गाद्या, प्लास्टिक, थर्माकोल मिसळलं की कामातून गेला.

त्याच्या महिनाभर आधी, देवनारच्या कचराभूमीतल्या आगीनंतर, मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या नव्या बांधकामांना बंदी घातली होती. टाकायला जागाच नाही, तर बांधता कशाला, असा साधा प्रश्न होता. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अटींवर शिथिल केली.

आमच्या घरात अर्थातच सगळं मिसळलं. इंजिनिअरांचं ऐकून बुधवारी रात्रीच टेम्पो बोलावला. अंधारात, घाईघाईत, गोण्यांतला राडारोडा, माळ्यावरच्या गाद्या, पाळणा, दिवाळी अंक सगळं एकात गेलं. मी स्वतः जिन्यात उभा राहून टॉर्च धरला होता.

गुरुवारी सकाळी आजीने विचारलं, “हस्त कुठाय?”

तो मी लहानपणापासून माळ्यावर पाहिला होता, गोणपाटात गुंडाळलेला. हातभर लांब, काळपट, एका टोकाला कमळासारखं कोरलेलं. आम्हाला वाटायचं मोडक्या पलंगाचा पाय असेल. वाडा उतरवला तेव्हा आजोबांनी सगळं लाकूड विकलं होतं, एवढं एक ठेवलं होतं. साठ वर्षांपूर्वी त्याच्यावर तुळई टेकली होती. त्या तुळईवर अख्खी माडी. आणि आमच्या लमसममध्ये तो अडगळ.

टेम्पोवाल्या दादांना फोन केला. आधी टाळाटाळ, मग म्हणाले, या. त्यांनी मला नेलं ते कुठल्या केंद्रावर नाही, खाडीकडे. कच्चा रस्ता संपतो तिथे कांदळवनाच्या कडेला ढिगांवर ढीग. लाल, राखाडी, पांढरे. भरतीचं पाणी पहिल्या ढिगाच्या पायथ्याशी आलेलं. वेगवेगळ्या घरांच्या टाइल्स ओळखू येत होत्या. एकीवर हंस होते. आणि एका ढिगात हिरव्या ठिपक्यांची मोझेक लादी, आमच्या बाल्कनीतली, जिच्यावर मी गोट्या खेळलो. पैसे आम्ही दिले होते आणि कुठे टाकणार हे विचारलं नव्हतं. ते दादांचं पाप म्हणून मोकळं व्हावं, असं त्या वेळी मनात आलं होतं खरं. नंतरच्या दोन फेऱ्यांचा माल मी ठरलेल्या केंद्रावर पाठवला, पावती घेतली, जादा खर्च बाबांनी दिला. पण पहिली फेरी अजून तिथेच आहे.

मी अर्धा तास ढीग उचकत होतो. दादा बिडी ओढत बघत होते. शेवटी हसून म्हणाले, “साहेब, सागवान इथं कोण टाकंल?”

स्टेशनकडच्या एका गल्लीत भंगारवाल्याच्या टपरीत, कुलरच्या पत्र्यांच्या मागे तो उभा करून ठेवलेला होता. रात्रीच पोहोचला होता. पाळण्याच्या लोखंडी सांगाड्याचे तुकडे झाले होते, दिवाळी अंक काट्यावर चढले होते. चोवीस तासही झाले नव्हते आणि आमच्या अडगळीतल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला भाव लागला होता. भिंतीला तेवढा नाही. भंगारवाले चाचा म्हणाले, लाकूड मी किलोवर घेतो, पण हे किलोचं लाकूड नाही. बाराशेला दिलं.

घरी आलो. कॉलम किचनच्या तोंडाशी तसाच उभा होता, उघडा, दुरुस्तीच्या मसाल्याचा ओला डाग घेऊन. आईने त्याला तोवर दळणाची पिशवी टेकवून ठेवली होती. मी आजीच्या मांडीवर हस्त ठेवला. तिने पदराने पुसला, कमळाच्या पाकळ्यांतली धूळ नखाने काढली आणि कितीला पडला ते विचारलं. मी सांगितलं.

“बाराशे?” आजी म्हणाली. “अरे, एकसष्ट साली अख्ख्या माडीचं लाकूड चौदाशेला गेलं होतं. फसवलं तुला.”